उद्योगांच्या अभिलेखांचे दीर्घकालीन जतन

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेसंबंधी दिलेल्या निकालानंतर, प्रत्यक्ष वेतनावर आधारित वाढीव निवृत्तिवेतनासाठी पर्याय देण्याची संधी देशभरातील कर्मचाऱ्यांना मिळाली. त्यासाठी सुमारे १७ लाख ४९ हजार अर्ज दाखल झाले. या अर्जांची छाननी करण्यासाठी संबंधित कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा वर्षानुवर्षांचा तपशील मालकांनी सादर करणे आवश्यक होते. मूळ योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आलेली असल्याने अनेकांच्या बाबतीत हा तपशील पाव शतकाहून अधिक मागे जात होता. मालकांना एकामागून एक मुदतवाढी देण्यात आल्या. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये ३ लाख १० हजारांहून अधिक अर्ज मालकांकडेच प्रलंबित होते आणि मुदत ३१ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवावी लागली.

या विलंबाची कारणे अनेक असतील. तथापि, जुन्या व्यावसायिक नोंदींचे मोल किती आहे आणि त्यांची गरज किती अनपेक्षितपणे उद्भवू शकते, हे या प्रसंगाने स्पष्ट केले. १९९५ नंतरच्या दशकात भारतातील असंख्य उद्योग कागदी वहीकडून संगणकाकडे वळले. त्या संक्रमणकाळातील वेतनपत्रके काही ठिकाणी नोंदवहीत, काही ठिकाणी फ्लॉपीवर, तर काही ठिकाणी आज न चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये राहिली. नोंद होती, पण ती वेळेवर सापडणे आणि वाचता येणे याची शाश्वती नव्हती. आजचे सर्वच व्यवहार संगणकावर होत असताना, २०५० साली आजची नोंद वाचता येईल अशी साठवण कशी निवडावी, हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा राहिलेला नाही.

बॅकअप आणि अभिलेख

बहुतेक लहानमोठ्या कार्यालयांत रोज किंवा आठवड्याने बॅकअप घेतला जातो आणि त्यालाच जतन मानले जाते. वस्तुतः या दोन गोष्टींचे उद्देश भिन्न आहेत. बॅकअप म्हणजे चालू कामाची तात्पुरती दुसरी प्रत. यंत्र बिघडले, चुकून फाइल पुसली गेली किंवा संगणकीय हल्ला झाला, तर कालच्या स्थितीला परत जाता यावे यासाठी ती असते आणि नवी प्रत आली की जुनी पुसली जाते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ला झाला, तेव्हा हल्ल्यातून सुरक्षित राहिलेल्या बॅकअप सर्व्हरवरूनच ई-हॉस्पिटल यंत्रणेची माहिती परत मिळवता आली. बॅकअपचे महत्त्व यातून दिसते.

अभिलेखाचे स्वरूप मात्र वेगळे असते. तो पूर्ण झालेल्या व्यवहाराचा अंतिम पुरावा असतो. त्यात पुढे बदल होणे अपेक्षित नसते आणि तो दिसेनासा झाला तर त्याची उणीव लगेच जाणवतही नाही. चालू वर्षाची खातेवही उघडली नाही तर त्याच दिवशी आरडाओरडा होतो. बारा वर्षांपूर्वीचे वेतनपत्रक खराब झाले तर ते एखाद्या निवृत्त कामगाराचा अर्ज येईपर्यंत कोणाच्याही लक्षात येत नाही. म्हणूनच अभिलेखाच्या साठवणीची परीक्षा मुद्दाम आणि ठरावीक काळाने घ्यावी लागते.

जतनाचा कालावधी

साठवणीचे साधन निवडण्यापूर्वी कोणती नोंद किती काळ ठेवावयाची, हे निश्चित करणे आवश्यक आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १२८ नुसार कंपनीची हिशेबपुस्तके किमान ८ वित्तीय वर्षे जतन करावी लागतात. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ३६ नुसार लेखे व नोंदी संबंधित वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवणे बंधनकारक आहे. अपील किंवा चौकशी चालू असल्यास हा काळ वाढतो. हिशेबपुस्तके संगणकावर ठेवणाऱ्या कंपन्यांनी त्यांची प्रत भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर ठेवली पाहिजे आणि ही प्रत दररोज घेतली पाहिजे, असे कंपनी लेखाविषयक नियमांत २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे.

या सर्व मुदती किमान आहेत. कायद्याला हव्या असलेल्या ८ वर्षांच्या मानाने कामगाराची सेवा ३० ते ३५ वर्षांची असते आणि निवृत्तिवेतनाचा प्रश्न तिच्याही अखेरीस उभा राहतो. कारखान्याची इमारत, यंत्रसामग्रीची रेखाचित्रे, जमिनीचे करार, एकस्वे आणि आरोग्यास घातक पदार्थांशी संबंधित नोंदी यांचे आयुष्यही हिशेबवहीहून मोठे असते. त्यामुळे नोंदींचे तीन गट करणे उपयुक्त ठरते : कायद्याच्या मुदतीपर्यंत ठेवण्याच्या, कामगाराच्या हयातीपर्यंत ठेवण्याच्या आणि कायमस्वरूपी ठेवण्याच्या. पहिल्या गटाचा आकार सर्वांत मोठा असतो, तर शेवटच्या दोन गटांचा अगदी लहान. सर्व काही कायमचे ठेवण्याचा अट्टाहास केल्यास खर्च वाढतो आणि महत्त्वाची नोंद बिनमहत्त्वाच्या ढिगाऱ्यात हरवते.

माध्यमांचे गुणदोष

हार्ड डिस्क हे सर्वांत परिचित आणि स्वस्त माध्यम आहे. परंतु ती फिरत्या भागांचे यंत्र आहे. सतत चालू ठेवली तर झिजते आणि कपाटात वर्षानुवर्षे बंद ठेवली तर सुरू होईलच याची हमी नसते. चार-पाच वर्षांनी ती बदलणे हे दूरदृष्टीचे समजले जाते. सॉलिड स्टेट ड्राइव्ह आणि पेन ड्राइव्ह यांत फिरते भाग नसल्याने ते अधिक टिकाऊ वाटतात. मात्र त्यांतील माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात असते. वीजपुरवठ्याविना दीर्घकाळ पडून राहिल्यास हा भार हळूहळू कमी होतो आणि उष्ण हवेत ही क्रिया वेगाने घडते. रोजच्या वापरास उत्तम असलेले हे साधन दीर्घ जतनासाठी म्हणूनच अयोग्य ठरते. घरोघरी वापरल्या गेलेल्या लिहिता येणाऱ्या सीडी व डीव्हीडींमधील रंगद्रव्याचा थर प्रकाश, उष्णता आणि दमटपणा यांमुळे बिघडतो. शिवाय त्या वाचणारी साधने नव्या संगणकांतून नाहीशी झाली आहेत.

मोठ्या संस्था आजही चुंबकीय फितीवर विश्वास ठेवतात. सन २००० मध्ये बाजारात आलेल्या एलटीओ या प्रमाणित फितीच्या पहिल्या पिढीची क्षमता १०० गीगाबाइट होती. २०२१ मधील नवव्या पिढीत ती १८ टेराबाइट झाली. फीत कपाटात ठेवली असता वीज लागत नाही. ती संगणकजाळ्याशी जोडलेली नसल्याने सायबर हल्लेखोर तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. एकदाच लिहिता येणारी आणि नंतर बदलता न येणारी फीतही उपलब्ध आहे. योग्य हवामानात तिचे आयुष्य ३० वर्षांपर्यंत सांगितले जाते. हे योग्य हवामान म्हणजे साधारण १६ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता. मुंबई, कोची, चेन्नई किंवा कोलकाता येथील पावसाळी हवेत वातानुकूलित आणि आर्द्रता नियंत्रित करणाऱ्या खोलीशिवाय ही अट पूर्ण होत नाही.

फितीची खरी मर्यादा तिच्या वाचनयंत्रात आहे. सातव्या पिढीपर्यंतची यंत्रे मागील दोन पिढ्यांच्या फिती वाचत असत. आठव्या पिढीपासून ही सोय मागील एकाच पिढीपुरती उरली आणि २०२५ मध्ये आलेले दहाव्या पिढीचे यंत्र तर जुन्या कोणत्याही पिढीची फीत वाचत नाही. याचा अर्थ, २०१० मध्ये पाचव्या पिढीच्या फितीवर लिहिलेली नोंद २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीच्या नव्या यंत्रावर वाचता येत नव्हती. फीत ३० वर्षे टिकेल, पण तिच्यासोबत यंत्रही जपावे लागेल किंवा दर एक-दोन पिढ्यांनी सर्व माहिती नव्या फितीवर उतरवावी लागेल. यंत्राची किंमत काही लाख रुपयांच्या घरात असल्याने लहान उद्योगास हा मार्ग परवडत नाही.

क्लाऊड सेवेत माहिती सेवादात्याच्या केंद्रांत ठेवली जाते आणि यंत्रे बदलण्याची चिंता त्याच्यावर असते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये भारतात अशी केंद्रे सुरू केली. त्यामुळे माहिती देशातच ठेवण्याची अट पाळणे सोपे झाले. क्वचित लागणाऱ्या माहितीसाठी या सेवांत अत्यंत स्वस्त प्रकार असतात. मात्र त्यांच्या अटी बारकाईने वाचल्या पाहिजेत. उदाहरणार्थ, ॲमेझॉनच्या ‘एस-३ ग्लेशियर डीप आर्काइव्ह’ या प्रकारात ठेवलेली फाइल मागितल्यावर ती उपलब्ध होण्यास नेहमीच्या पद्धतीने १२ तासांपर्यंत वेळ लागू शकतो आणि फाइल लवकर काढून टाकली तरी किमान १८० दिवसांचे भाडे द्यावे लागते. साठवणीचा दर कमी असला तरी माहिती परत काढण्याचे व बाहेर नेण्याचे शुल्क वेगळे असते. सेवादाता बदलावयाचा झाल्यास हेच शुल्क एकदम अंगावर येते. शिवाय मासिक रक्कम भरण्याचे थांबले तर जतनही थांबते, हा धोका कपाटातील फितीला नाही.

वाचता येण्याचा प्रश्न

माध्यम शाबूत राहिले तरी मजकूर वाचता येईलच असे नाही. इंग्लंडमध्ये १०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’ या जमीन-पाहणीच्या नऊशेव्या वर्षानिमित्त बीबीसीने १९८६ मध्ये तशीच नवी पाहणी करून ती लेसर तबकड्यांवर साठवली. अवघ्या १५ वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि माहिती सोडवून घेण्यासाठी विद्यापीठीय संशोधकांना विशेष प्रकल्प हाती घ्यावा लागला. मूळ हस्तलिखित मात्र आजही वाचता येते. महाराष्ट्रात याच्या उलट बाजूचा अनुभव आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद टिकून आहेत, परंतु मोडी वाचू शकणारे प्रशिक्षित वाचक मोजकेच उरले आहेत.

संगणकीय नोंदींच्या बाबतीत लिपीची जागा फाइलच्या स्वरूपाने घेतली आहे. एखाद्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील माहिती त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या स्वरूपात ठेवली आणि पुढे ते सॉफ्टवेअर बंद पडले किंवा परवाना संपला, तर शाबूत फाइलही निरुपयोगी ठरते. भारतीय भाषांमधील नोंदींबाबत हा धोका अधिक आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी, हिंदी, गुजराती आदी भाषांतील मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये टंकलिखित होत असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल निरर्थक चिन्हांची रांग दाखवते. केंद्र सरकारने २००९ मध्ये ई-शासनासाठी युनिकोडचे मानक स्वीकारले. परंतु त्यापूर्वीच्या फायली रूपांतराविना अनेक कार्यालयांत पडून आहेत.

यावर उपाय म्हणजे अभिलेख नेहमी खुल्या आणि प्रमाणित स्वरूपात ठेवणे. कागदपत्रांसाठी २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेले पीडीएफ-ए हे स्वरूप योग्य आहे, कारण त्यात आवश्यक फाँट फाइलमध्येच अंतर्भूत असतात. आकडेवारीसाठी साध्या मजकुरातील तक्ते अर्थात सीएसव्ही किंवा एक्सएमएल उपयुक्त आहेत. कोणत्या रकान्यात काय आहे, रक्कम कोणत्या एककात आहे आणि संक्षिप्त चिन्हांचा अर्थ काय, याचे टिपण त्याच संचात असावे. ‘खा. ३’ म्हणजे काय हे माहीत असलेला लेखापाल निवृत्त झाल्यावर त्या रकान्याचा अर्थ सांगणारे दुसरे कोणी नसते.

पुरावा म्हणून विश्वसनीयता

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ नुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जतन केलेल्या नोंदीला मान्यता मिळण्यासाठी ती पुढे वापरता येईल अशी उपलब्ध असली पाहिजे, मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दर्शविणाऱ्या स्वरूपात असली पाहिजे आणि तिचे उगमस्थान, गंतव्यस्थान, पाठविल्याची किंवा मिळाल्याची तारीख व वेळ यांचा तपशील तिच्यासोबत असला पाहिजे. या तीन अटी म्हणजे अभिलेखाच्या साठवणीची संक्षिप्त व्याख्याच होय.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद सादर करताना जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात नोंदीचे हॅश मूल्य नमूद करावयाचे असते. हॅश म्हणजे फाइलवरून गणिती रीतीने काढलेली ठरावीक लांबीची खूण. ती फाइलच्या बोटाच्या ठशासारखी असते. फाइलमधील एक स्वल्पविराम बदलला तरी ही खूण पूर्णपणे बदलते. संच तयार करतानाच प्रत्येक फाइलची खूण काढून वेगळी जपून ठेवली, तर दहा वर्षांनंतर तीच फाइल तशीच आहे हे सिद्ध करता येते. प्रत करताना किंवा काळाच्या ओघात नकळत झालेला बिघाडही यामुळे उघड होतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी, बंद न करता येणारी व्यवस्था सक्तीची झाली आहे. वर्षअखेरच्या संचात ही बदलनोंदही समाविष्ट केली पाहिजे.

एकाच छताखालील धोका

मुंबईत २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत अनेक विभागांच्या फायली भस्मसात झाल्या आणि कागदपत्रांच्या संगणकीकरणाची निकड तीव्रतेने जाणवली. तथापि, केवळ संगणकीकरणाने धोका टळत नाही. दक्षिण कोरियातील डेजॉन येथील सरकारी माहितीकेंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली, तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवणारी ८५८ टेराबाइटची सामायिक साठवण नष्ट झाली. तिची दुसरी प्रत अन्यत्र ठेवलेली नव्हती. आकार फार मोठा असल्याने वेगळी प्रत ठेवणे अवघड, असे मानले गेले होते.

या अनुभवांवरून सर्वमान्य झालेला नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन भिन्न प्रकारची माध्यमे आणि किमान एक प्रत दुसऱ्या गावी. पूररेषेतील किंवा किनाऱ्यावरील औद्योगिक वसाहतीत दुसरी प्रत शेजारच्या इमारतीत ठेवणे म्हणजे ती एकाच छताखाली ठेवण्यासारखे आहे.

लहान उद्योगासाठी व्यवहार्य मार्ग

चाळीस-पन्नास कामगारांच्या उद्योगातील वर्षभराच्या अंतिम नोंदी बहुधा एका लहान डिस्कवर सहज मावतात. अशा उद्योगाने फितीच्या यंत्राच्या मागे न लागता पुढील शिस्त पाळली तरी पुरेसे होते. लेखापरीक्षण पूर्ण होताच खातेवह्या, प्रमाणके, वेतनपत्रके, भविष्य निर्वाह निधीची चलने, करविवरणे आणि करार यांचा वर्षअखेरचा संच खुल्या स्वरूपात तयार करावा. त्याची सूची व हॅशखुणा छापून स्वाक्षरीसह कागदी फाइलमध्ये लावाव्यात. संच दोन वेगळ्या उत्पादकांच्या हार्ड डिस्कवर उतरवून एक कार्यालयात आणि एक दुसऱ्या गावी ठेवावी. तिसरी प्रत भारतातील क्लाऊड केंद्रात असावी.

दरवर्षी एक दिवस ठरवून जुन्या संचांतील काही फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात आणि हॅशखुणा जुळवाव्यात; चार-पाच वर्षांनी डिस्क बदलाव्यात. क्लाऊडचे खाते एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक ई-मेलवर न काढता संस्थेच्या नावावर काढावे. माहिती कूटबद्ध केली असल्यास तिची किल्ली किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे मोहोरबंद स्वरूपात ठेवावी. किल्ली हरवलेला संच आणि जळालेला संच यांत व्यवहारतः काहीच फरक नसतो. मोठ्या उद्योगांनी फीत व क्लाऊड यांची सांगड घालावी आणि दर पिढीच्या स्थलांतराचा खर्च सुरुवातीलाच अंदाजपत्रकात धरावा.

जतनाइतकेच महत्त्व योग्य वेळी नष्ट करण्याला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार, ज्या हेतूने वैयक्तिक माहिती घेतली तो संपल्यावर आणि अन्य कायद्यानुसार ती ठेवणे आवश्यक नसल्यास ती पुसून टाकावी लागते. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. ग्राहकांचे दूरध्वनी क्रमांक आणि कामगारांची वेतनपत्रके एकाच संचात मिसळली, तर एक पुसताना दुसरे जाण्याची किंवा दोन्ही बेकायदा राहण्याची शक्यता असते. सुरुवातीला केलेले तीन गट येथेही उपयोगी पडतात.

उद्योग बंद पडल्यानंतर

चालू उद्योग आपल्या नोंदींची काळजी घेऊ शकतो; बंद पडलेल्या उद्योगाच्या नोंदींना वाली नसतो. कंपनी अधिनियमाच्या कलम ३४७ नुसार कंपनीचे विसर्जन झाल्यानंतर ५ वर्षांनी तिच्या कागदपत्रांची जबाबदारी कोणावरही राहत नाही. मुंबईतील गिरणी कामगारांच्या घरकुल योजनेत १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामावर असल्याचा पुरावा मागितला जातो. बंद गिरण्यांच्या कामगारांना आणि त्यांच्या वारसांना ओळखपत्र, तिकीट क्रमांक, हजेरीपट किंवा भविष्य निर्वाह निधीची नोंद यांचा शोध अनेक दशकांनंतर घ्यावा लागला आहे. उद्याच्या बंद कारखान्याचा हजेरीपट क्लाऊडवर असेल आणि भाडे भरणारे कोणी नसल्याने तो काही महिन्यांत पुसलाही जाईल.

भारताकडे या विषयातील तांत्रिक क्षमता आहे. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने डिजिटल जतनासाठी विशेष केंद्र चालवून त्यासाठीची साधने विकसित केली आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या राष्ट्रीय सांस्कृतिक दृक्-श्राव्य अभिलेखागाराला २०१७ मध्ये आयएसओ १६३६३ या मानकानुसार विश्वासार्ह डिजिटल भांडाराचे प्रमाणपत्र मिळाले आणि असे प्रमाणपत्र मिळविणारे ते जगातील पहिले भांडार ठरले. संगीत व लोककलांसाठी वापरलेली ही पद्धती वेतनपत्रकांनाही लागू करता येईल. औद्योगिक वसाहतींचे संघ, जिल्हा उद्योग केंद्रे आणि सहकारी संस्था यांनी एकत्र येऊन सामायिक अभिलेखागार उभारले, तर एकट्या उद्योगाला न परवडणारी यंत्रे व तज्ज्ञ सर्वांना उपलब्ध होतील आणि सदस्य उद्योग बंद पडला तरी त्याच्या कामगारांच्या नोंदी शिल्लक राहतील.

तोपर्यंत प्रत्येक उद्योगाला आजच करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. वर्षअखेरीस प्रत्येक कामगाराला त्याच्या वेतनाचा व वर्गणीचा तपशील अंकीय स्वाक्षरीसह पीडीएफ-ए स्वरूपात आणि त्याची एक छापील प्रत द्यावी. ज्याच्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न त्या नोंदीवर अवलंबून आहे, त्याच्या घरीही तिची एक प्रत असली पाहिजे.